मन्रोचे सुतक

सोलापूरच्या इतिहासात थॉमस मन्रो हे नाव एखाद्या परिच्छेदापुरते येते. मे १८१८ मध्ये तो फौज घेऊन आला, पेठ घेतली, किल्ला घेतला आणि निघून गेला. आपल्या दृष्टीने तो पेशवाईचा शेवटचा मोठा किल्ला पाडणाऱ्यांपैकी एक गोरा सेनापती, बस्स. पण सोलापूरहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गाने रायचूर ओलांडून मंत्रालयम रोड, अदवानी, गुंतकल असे पुढे गेले की गुत्ती लागते, आणि तिथून मन्रोची कथाच बदलते. त्या मुलखात हा माणूस वारला तेव्हा लोकांनी घरातले माणूस गेल्यासारखा शोक केला. त्याच्या नावाने मुलांची नावे ठेवली, त्याच्या मरणाभोवती दैवी चमत्काराची कथा गुंफली. एकाच माणसाबद्दल दोन शेजारी मुलखांची आठवण इतकी वेगळी कशी, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत होता. या लेखात त्याचा माग घेतला आहे.

आधी हा मन्रो कोण ते पाहू. 'मन्रो' हे स्कॉटलंडमधल्या एका जुन्या कुळाचे, तिथल्या भाषेत क्लॅनचे, नाव. आपल्याकडे घोरपडे, निंबाळकर म्हटले की जसे आडनावामागे वतन, गढी आणि भाऊबंद उभे राहतात तसेच ते. या कुळाचे मूळ ठाणे उत्तर स्कॉटलंडात क्रोमार्टीच्या खाडीकाठी, फाउलिस इथे. डोंगराळ भागातल्या अशा कुळांचा नायक गेला की त्याचा शोक साऱ्या कुळाचा असे. शवपेटीला पाळीपाळीने खांदा, पुढे पाइपवर विलापाची धून, बायकांचे मोठ्याने शोक करणे, ज्याला ते कोरोनाख म्हणत. वाटेत शव जिथे टेकवले जाई तिथे येणाऱ्या प्रत्येकाने एकेक दगड ठेवून रास रचायची. आपल्याकडची विसाव्याची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फार परके वाटू नये.

या कुळाच्या इतिहासातला एक शोक इथे सांगण्याजोगा आहे. कुळाचा नायक सर रॉबर्ट मन्रो १७ जानेवारी १७४६ रोजी फॉल्कर्कच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना पडला. डॉक्टर असलेला त्याचा भाऊही तिथेच मारला गेला. लढाई बंडखोरांनी जिंकली होती. पण त्या विजयी बंडखोरांनीच दुसऱ्या दिवशी दोघा भावांना मानाने फॉल्कर्कच्या चर्चच्या आवारात पुरले. शत्रूचे सुतक शत्रूने पाळल्यासारखे हे झाले. पुढे दत्तमंडलात जे घडले त्याचे बीज इथे आहे असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे म्हणजे इतिहासाला ओढून ताणून बसवणे. पण ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही त्याचा शोक माणसे करतात, एवढे या घटनेवरून ध्यानात यावे.

आपला थॉमस कुळाचा नायक नव्हता, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो २७ मे १७६१ रोजी ग्लासगो शहरात व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. बाप व्हर्जिनियाच्या तंबाखूचा व्यापार करी, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने तो धंदा बुडाला. पोरगा कंपनीच्या पायदळात कॅडेट होऊन जानेवारी १७८० मध्ये मद्रासला उतरला. त्याच वर्षी हैदर अलीने कर्नाटकावर स्वारी केली. मद्रासच्या फौजेचा सेनापती होता याच कुळातला सर हेक्टर मन्रो. बक्सारची लढाई जिंकणारा हा माणूस पोल्लिलूरला मात्र बेलीच्या तुकडीच्या मदतीला वेळेत पोचला नाही आणि ती तुकडी कापली गेली. तरुण थॉमस हेक्टरच्याच फौजेत होता. त्याच्या लष्करी जीवनाची सुरुवात अशी एका पळापळीने झाली. सरदारकी त्याला मिळाली ती फार उशिरा, १८२५ मध्ये, बॅरोनेट म्हणून. हा घराण्यात वारशाने चालणारा 'सर' किताब. तो मिळाल्यावर दोनच वर्षांनी मन्रो गेला.

आता सोलापूर. १८१७-१८ च्या युद्धात मद्रास सरकारने मन्रोकडे दक्षिण मराठा मुलूख सोपवला. कवायती फौज त्याला फारच थोडी मिळाली. त्याने काय केले, तर गावोगावच्या पाटलांना आणि रयतेला बाजूला वळवले, स्थानिक प्यादे उभे केले आणि वसूल आपल्याकडे भरायला लावला. बादामी, बेळगाव अशी ठाणी एकामागून एक पडली. बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये हाती आल्यावर तो उत्तरेला वळला. २० फेब्रुवारीला आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले होते, बाजीराव रानोमाळ फिरत होता, आणि त्याचे पायदळ व तोफा सोलापूरच्या किल्ल्याच्या आसऱ्याला होत्या. सरदार होते गणपतराव पानसे. पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान् पिढ्या ज्या घराण्याकडे होता, सोनोरीजवळ मल्हारगड ज्यांनी बांधला, ते हे पानसे.

मन्रो ९ मे रोजी सोलापूरपुढे आला. इंग्रजी कागदांतल्या हिशेबाप्रमाणे इथे साडेपाच हजारांच्या वर पायदळ होते, त्यात बाराशेच्या आसपास अरब, शिवाय साडेआठशे स्वार आणि चौदा तोफा. किल्ल्यातली शिबंदी वेगळी. मन्रोने अटी सांगायला एक हिंदी सुभेदार पुढे धाडला, त्याला तटाखालीच मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, शिड्या लावून पेठ घेतली गेली. गणपतरावांनी बाहेरून तोफांसह मारा करून पाहिला, त्यात ते स्वतः जखमी झाले, त्यांचे दुय्यम विठ्ठलपंत तात्या मारले गेले. मग पायदळ माघारी निघाले. ब्रिगेडियर प्रिट्झलर घोडदळ घेऊन पाठीवर गेला आणि सीना नदीच्या बाजूला अंधार पडेपर्यंत कत्तल चालली. १५ मे रोजी किल्ला स्वाधीन झाला. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या हवाली झाला. माल्कमही स्कॉटच. एल्फिन्स्टन, माल्कम, मन्रो, साताऱ्याचा ग्रँट डफ, पेशवाईच्या अखेरीच्या प्रत्येक पानावर हे स्कॉट दाटीवाटीने बसलेले दिसतात. यात खऱ्या अर्थाने उमराव घराण्यातला एल्फिन्स्टन.

सोलापूर ही मन्रोची शेवटची लढाई. प्रकृती ढासळली होती, दृष्टी आणि कान त्रास देत होते. त्याने सेनापतीपद सोडले आणि तो विलायतेला गेला. आपल्या शहरात तो आठवडाभर राहिला असेल नसेल, आणि तोही तोफेच्या मागे. आपल्याला त्याचे प्रेम वाटावे असे काही त्याने इथे केले नाही, करायला वेळही नव्हता.

गुत्तीकडे त्याने जी सात वर्षे काढली ती वेगळी होती. १८०० मध्ये निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा आणि कर्नूलचा काही भाग कंपनीला तोडून दिला. तेलुगूत याला दत्तमंडल म्हणतात, पुढे त्याचेच नाव रायलसीमा झाले. मन्रो इथला मुख्य कलेक्टर होता, १८०० ते १८०७. आधी त्याने ऐंशीच्या आसपास पाळेगार मोडून काढले. मग मोजणीला हात घातला. शेत न् शेत मोजायचे, प्रत्येक रयतेशी सरकारने थेट करार करायचा, मध्ये जमीनदार नको, ही रयतवारी. या काळात त्याचा मुक्काम बहुतेक तंबूतच असे. गावोगाव फिरायचे, झाडाखाली बसून पाटील-कुलकर्ण्यांचे आणि कुळांचे ऐकायचे. तेलुगू, कानडी आणि मराठी या तिन्ही भाषांचा त्याला सराव होता. दत्तमंडलातले जुने दप्तर बऱ्याच ठिकाणी मराठीतच होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मन्रोने सारा कमी घेतला म्हणून तो लोकप्रिय झाला, असे सरसकट लिहिले जाते. तसे नाही. त्याच्या सात वर्षांत वसूल वाढतच गेला आणि दर जड होते. ते जड आहेत हे त्यालाही कळत होते. १८०७ मध्ये जाताना त्याने सरकारला लिहून दिले की शेतसाऱ्यात शेकडा २५ कपात करावी, विहिरीच्या बागायतीला त्याहून जास्त. मद्रास सरकारने ते बाजूला ठेवले आणि भलताच प्रयोग सुरू केला. गावेच्या गावे मक्त्याने द्यायची, आधी तीन वर्षांच्या, मग दहा वर्षांच्या. मक्तेदाराने पिळले आणि स्वतःही बुडाला, कुळे परागंदा झाली. मन्रो १८२० मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन परतला तेव्हा पहिल्या कामांत त्याने १८०७ ची ती कपात मंजूर केली. तेरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द माणसाने परत येऊन पाळला, असे रयतेला वाटले असणार. माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेची किल्ली त्याच्या सात वर्षांत जेवढी आहे तेवढीच, किंवा जास्त, त्याच्या मागच्या तेरा वाईट वर्षांत आहे. तुलना करायला लोकांकडे काहीतरी होते.

सोलापूरकडे हीच पद्धत आली ती उलट्या क्रमाने. प्रिंगलने १८२७ च्या सुमारास पुणे इलाख्यात नवी मोजणी सुरू केली. कागदावर शास्त्रशुद्ध, प्रत्यक्षात न झेपणारी. दर न परवडल्यामुळे इंदापूर-सोलापूर पट्ट्यातली जमीन पड राहिली, लोक निजामाच्या हद्दीत निघून गेले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सगळे नव्याने मांडले. आपल्या आजोबा-पणजोबांना रयतवारीचा पहिला अनुभव आला तो असा. तो आणणाऱ्यांचे नाव कुणी मुलाला ठेवले नाही यात नवल नाही.

आता मरणाकडे येऊ. १८२७ मध्ये मन्रो निवृत्त होऊन घरी जाणार होता. पत्नी जेन आजारी धाकट्या मुलाला घेऊन मार्च १८२६ मध्येच निघून गेली होती. ती गेल्यावर घर किती मुके झाले आहे, मुलाच्या खोलीकडे पाहवत नाही, अशा आशयाचे त्याचे एक पत्र आहे. ग्लाइगने १८३० मध्ये तीन खंडांत छापलेल्या चरित्रामुळे ही पत्रे आपल्यापर्यंत आली. कठोर कारभारी म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याचा हा चेहरा वाचताना मन थबकते. नवा गव्हर्नर यायला उशीर होत होता. तेवढ्यात त्याने ठरवले, दत्तमंडल एकदा शेवटचे पाहून यावे. मे अखेर तो मद्रासहून निघाला. त्या साली तिकडे पटकी होती. गुत्तीला छावणीत माणसे मरायला लागली. ६ जुलैला सकाळी मुक्काम पत्तिकोंड्याला हलला, आणि त्याच दिवशी मन्रोला पटकी झाली. रात्री तो गेला. दुसऱ्या दिवशी गुत्तीला, त्या अजस्र डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या इंग्रजी दफनभूमीत त्याला पुरले. पटकीचे मरण, त्यामुळे घाईचे दफन. कुळ नाही, पाइप नाही, बायको समुद्रापलीकडे.

सरकारी शोक मद्रासला झाला आणि तो रीतसर झाला. निशाण अर्ध्यावर, मिनिटामिनिटाला तोफ, शोकसभा, वर्गणी. १८३१ मध्ये अस्थी गुत्तीहून हलवून सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये ठेवल्या. लंडनच्या चँट्रीने ब्राँझचा अश्वारूढ पुतळा केला, तो १८३९ मध्ये उभा राहिला. चेन्नईत माउंट रोडने जाताना तो आजही दिसतो. घोड्यावर खोगीर नाही, रिकीब नाही. शिल्पकाराची ही चूक की मुद्दाम, यावर चेन्नईकर अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही.

मला रस आहे तो दुसऱ्या शोकात. पत्तिकोंड्याला, जिथे तो गेला तिथे, सरकारने झाडांची राई लावली आणि पायऱ्यांची विहीर बांधली. गुत्तीला वाटसरूंसाठी छत्र बांधले. पैसा सरकारचा, पण स्वरूप आपल्या मातीतले. मेलेल्याच्या नावाने पाणी आणि सावली, यापेक्षा देशी स्मारक कोणते? लोकांनी आपल्या बाजूने भर घातली. 'मन्रोलप्पा' असे नाव मुलांना ठेवले जाऊ लागले. नाव ठेवणे हा आपल्याकडे शोकाचाच एक प्रकार आहे. आजोबा गेले की नातवाला त्यांचे नाव देतात. काही जण त्याला मांडव्य ऋषीचा अवतार म्हणू लागले.

सर्वांत विलक्षण कथा गंडीची. कडप्पा जिल्ह्यात पापाघ्नी नदी डोंगर फोडून जिथे बाहेर पडते तिथे गंडीचा मारुती आहे. श्रद्धा अशी की रामाच्या स्वागतासाठी वायुदेवाने दोन डोंगरांमध्ये सोन्याच्या फुलांचे तोरण बांधले. ते अजून तिथे आहे, पण फक्त पुण्यवान माणसालाच दिसते, आणि तेही त्याचे मरण जवळ आल्यावर. १८२७ च्या त्या शेवटच्या फेरीत मन्रो घाटातून जाताना वर पाहून म्हणाला, हे तोरण कुणी बांधले? बरोबरच्या कुणालाच काही दिसेना. एका वृद्धाने ओळखले आणि तो गप्प राहिला. थोड्याच दिवसांत मन्रो गेला. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरातही या कथेची नोंद आहे. मंत्रालयमच्या राघवेंद्रस्वामींनी वृंदावनातून मन्रोला दर्शन देऊन मठाच्या इनामाविषयी बोलणे केले, ही कथा तर सोलापुरातल्या कितीतरी कानडी घरांत माहीत आहे. पण त्या घरांतल्या कुणाला विचारा, तो मन्रो आणि आपला किल्ला घेणारा मन्रो एकच, हे क्वचितच कुणाच्या ध्यानात असते.

या कथांना खरे-खोटे करण्यात अर्थ नाही. त्या काय करतात ते पाहावे. पटकीने एका रात्रीत, घाणीत आणि घाईत आलेले मरण या कथेने सोन्याच्या तोरणाखाली नेऊन ठेवले. परक्या धर्माच्या माणसाला उत्तरक्रिया देता येत नाही, तेव्हा लोकांनी त्याला कथा दिली.

पण दत्तमंडलातही सगळेच रडले नाहीत. ज्या पाळेगारांना मन्रोने मोडले त्यांच्या घराण्यांना तुटपुंजी पेन्शने लावून दिली होती. त्यांतल्याच उय्यालवाडच्या घराण्यातल्या नरसिंह रेड्डीने पेन्शनीच्या आणि इनामांच्या तक्रारींवरून १८४६ मध्ये बंड केले. त्याला २२ फेब्रुवारी १८४७ रोजी कोइलकुंटल्याला फाशी दिले आणि त्याचे शीर वर्षानुवर्षे किल्ल्यावर टांगून ठेवले. आज रायलसीमेत गाणी आहेत ती नरसिंह रेड्डीची. त्याच जमिनीत एका घरात मन्रोलप्पा आणि दुसऱ्या घरात रेड्डीचा पोवाडा. बर्टन स्टाइन यांनी १९८९ च्या आपल्या मन्रोचरित्रात दाखवले आहे की रयतवारी ही रयतेच्या कळवळ्याइतकीच फौजेच्या खर्चाची आणि मधले सत्ताधीश नाहीसे करण्याची योजना होती. मला ते पटते. शेतकऱ्याला मात्र योजनेशी कर्तव्य नव्हते. पट्टा कुणाच्या नावावर आणि सारा किती, एवढेच त्याला कळत होते, आणि त्याने शोकही त्याच हिशेबाने केला.

पुन्हा सोलापूर. आपल्या शहराला शोक पाळता येत नाही असे कुणी म्हणणार नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ते चार हुतात्मे शहराच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्या फाशीमागे जो उठाव होता त्यात ९ मे १९३० पासून तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. ९ मे ही तारीख वाचून मी जुनी टिपणे पुन्हा उघडली. मन्रो किल्ल्यापुढे आला तोही ९ मे, बरोबर ११२ वर्षे आधी. योगायोगच.

पण १८१८ च्या त्या दिवसांत पेठेच्या तटावर, तोफांपाशी आणि सीनेकडच्या वाटेवर जे मेले त्यांचे काय? इंग्रजांनी आपल्या मृत-जखमींच्या याद्या केल्या. आपल्या बाजूचे एक विठ्ठलपंत तात्या सोडले तर मेलेल्यांतले एकही नाव माझ्या वाचनात आलेले नाही. अरब होते, पठाण होते, परदेशी शिपाई होते, गोलंदाज होते, पेठेतली सामान्य माणसे होती. त्यांचा धनी महिन्याभरात शरण गेला, पुढे ब्रह्मावर्ताला पेन्शनीवर राहिला. त्यांच्या नावाने विहीर खोदायला कोणतेही सरकार उरले नव्हते. जिंकणाऱ्याच्या मरणाची तारीख, तास, आजार, शेवटचा मुक्काम, सगळे उपलब्ध आहे. हरणाऱ्यांची संख्याही इंग्रजांच्याच अंदाजाने घ्यावी लागते.

तरी एक वाट उरते. शस्त्राने मेलेल्याचे श्राद्ध पितृपक्षात घातचतुर्दशीला करण्याची रीत आहे. कागद जळतात, पण तिथी घरात टिकून राहते. १० मे १८१८ म्हणजे शके १७४० चा वैशाख, शुद्ध पक्षाचे पहिले दिवस. सोलापूर, मोहोळ, माढा, अक्कलकोट या भागात ज्यांच्या घरी घातचतुर्दशीला कुणा पूर्वजाच्या नावाने पान वाढले जाते, किंवा वैशाख शुद्ध पक्षात 'लढाईत पडलेल्या'चे श्राद्ध होते, त्यांनी ते नाव घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. पेठेच्या जुन्या कब्रस्तानांतल्या, अरब शिपायाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कबरींबद्दलही कुणाच्या घरी काही सांगितले जात असेल, तर तेही. सीनेकाठच्या एखाद्या शेतात बिननावाचा दगड असेल आणि त्याला नांगर लावायचा नाही असे आजोबा सांगत असतील, तर त्या शेताचा गट नंबर आणि आजोबांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे मला हवे आहेत.